नॉर्मल म्हणजे कुणासारखं?

मंडळी, आज एका शब्दाविषयी लिहायचं आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आता घरोघरच्या आजी-आजोबांच्याही तोंडी रुळला आहे : ‘नॉर्मल’. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल, डोळ्याचं प्रेशर नॉर्मल. दवाखान्यातून बाहेर पडताना हा शब्द कानावर आला की आपण निश्चिंत, घरी जाऊन चहा टाकायला मोकळे! मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुठलाही आकडा समोर आला की तो आला कुठून, कुणी ठरवला, केव्हा ठरवला, हे विचारायची खोड लागली आहे. ‘नॉर्मल’ हा तर नुसता आकड्यांचा मामला. कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी पुष्कळ माणसं मोजली आणि मग सांगितलं, की हे असे ते नॉर्मल. पण मोजलेली माणसं कोण होती?

डोळ्याच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरला. त्याचं एक उत्तर आपल्या विदर्भातल्या आठ खेड्यांनी दिलं आहे. ती गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. लेख जरा लांबला आहे, पण आमच्या भाच्या-पुतण्यांनी तरी तो शेवटपर्यंत वाचावा. कारण पुढे कळेलच.

आधी काचबिंदू म्हणजे काय ते पाहू. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं जुळ्या भावांसारखी वाटतात, म्हणून खेड्यापाड्यांत अजून दोन्ही एकच समजतात. प्रत्यक्षात हे दोन वेगळे रोग आहेत. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवीन बसवलं की दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. मेलेली नस कुठलंही ऑपरेशन परत आणू शकत नाही. शिवाय ती कडेकडेने मरते, समोरचं बराच काळ स्वच्छ दिसत राहतं. दुखत नाही, लाल होत नाही. (काचबिंदूचा एक प्रकार एकदम दुखतो, डोकं फुटेल असं वाटतं आणि उलट्याही होतात, पण तो वेगळा.) समोरचं दिसेनासं होईपर्यंत बहुतेक सगळं हातचं गेलेलं असतं.

आपल्याकडे यात भर पडली ती ‘पिकण्या’ची. पूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे अख्खं भिंग बाहेर काढणं आणि नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. त्यामुळे बिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबा, असा सल्ला असे आणि त्या काळाला तो धरूनही होता. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत शिबिरं शाळेच्या वर्गखोल्यांतच भरत. बाकं बाहेर, सतरंज्या आत, आणि डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या बांधलेले म्हातारे ओळीने बसलेले. १९७१ ते ७४ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर पाहणी केली, तेव्हा अंधत्वाचं प्रमाण १.३८ टक्के निघालं आणि सगळ्यांत मोठं कारण मोतीबिंदू. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता. कामही झालं. २०१५ ते १९ च्या पाहणीत अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्क्यांवर आलं होतं. (दोन पाहण्यांच्या व्याख्या सारख्या नाहीत, तरी उतार खराच.) पण या सगळ्या धामधुमीत ‘बिंदू पिकू द्या’ हे वाक्य लोकांच्या मनात पक्कं बसलं आणि ते काचबिंदूलाही चिकटलं. काचबिंदू पिकत नसतो. तो नुसता खात असतो.

आता दाबाकडे येऊ. डोळा हा पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा आहे. आत एक द्रव सतत तयार होतो आणि बाहेर वाहून जातो. वाट तुंबली की दाब वाढतो आणि नसेवर ताण येतो. हे जुन्या वैद्यांना आणि डॉक्टरांना बोटाने डोळा चाचपून अंदाजाने कळायचं. १८५१ साली जर्मनीत हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहायचं साधन केलं, तेव्हा पहिल्यांदा जिवंत माणसाची ही नस डोळ्यांनी पाहता आली. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गोल्डमनने दाब मोजायचं यंत्र केलं. हनुवटी टेकवून बसायचं, डोळ्यात पिवळा थेंब घालायचा आणि निळ्या उजेडात एक छोटा दांडा डोळ्याच्या समोरच्या काचेला हलकेच टेकवायचा. ते यंत्र आजही प्रमाण मानलं जातं. या समोरच्या पारदर्शक काचेला कॉर्निया म्हणतात. कॉर्निया साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि माणसामाणसांत ही जाडी फारशी बदलत नाही, असं धरून गोल्डमनने यंत्राचं गणित बसवलं होतं. हे ‘धरून’ लक्षात ठेवा!

मग १९५८ साली जर्मनीत लायडहेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहा हजार निरोगी माणसांच्या डोळ्यांचा दाब मोजला. सरासरी आली साडेपंधरा. आता वर्गात समजावून सांगायचे तसं सांगते. पन्नास मुलांची उंची मोजली तर बहुतेक सगळी सरासरीच्या आसपास असतात, अगदी उंच आणि अगदी बुटकी थोडी. संख्याशास्त्रात त्यासाठी एक पट्टा आखतात, त्यात सुमारे ९५ टक्के लोक बसतात. त्या पट्ट्याची वरची कड आली २०.६ म्हणजे सुमारे २१. झालं! २१ च्या आत नॉर्मल, वर गेला की संशय. हा आकडा पाठ्यपुस्तकांत गेला आणि तिथून जगभरच्या दवाखान्यांत.

बघा, यात दोन गोष्टी नकळत गृहीत धरल्या गेल्या. एक, पट्ट्याच्या आत असणं म्हणजे निरोगी असणं. वर्गातला सरासरी उंचीचा मुलगा आजारी नसेलच असं थोडंच आहे? आणि दोन, जर्मन माणसाचा डोळा म्हणजे सगळ्या जगाचा डोळा.

पहिल्या गृहीताला धक्का दिला तो अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने. तिथे १९८० च्या दशकात घरोघरच्या माणसांची तपासणी झाली. ज्यांची नस काचबिंदूने खराब झालेली होती, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांचा दाब त्या तपासणीत ‘नॉर्मल’ निघाला. तिथल्या कृष्णवर्णीयांत काचबिंदूचं प्रमाण गोऱ्यांच्या चौपट होतं, हेही कळलं. पुढे २०००-०१ मध्ये जपानमधल्या तजिमी गावी अशीच पाहणी झाली. तिथे नेहमीच्या, न दुखणाऱ्या काचबिंदूच्या शंभरातल्या ९२ लोकांचा दाब २१ च्या आतच होता. शंभरातले ब्याण्णव! म्हणजे जपानी माणसाला ‘तुमचं प्रेशर नॉर्मल आहे’ असं सांगून घरी पाठवणं म्हणजे काहीच न सांगण्यासारखं.

इथे आमच्या घरची गोष्ट सांगायला हवी. आमचे थोरले दादा मूल तालुक्यात धानाची शेती करत. साठी उलटल्यावर त्यांना डाव्या बाजूचं कमी जाणवायला लागलं. धुऱ्यावरून चालताना पाय बांधीत जायचा, बाजूने आलेली सायकल दिसायची नाही. वहिनींनी दाखवायला सांगितलं तर म्हणायचे, “डोरा दुखत नाही, मंग कायले दाखवाचा?” शेवटी एका दवाखान्यात नेलं. तिथे दाब मोजला, सतरा भरला. नॉर्मल आहे म्हणाले, चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि परत पाठवलं. नस कुणी पाहिली नाही. दोन वर्षांनी नागपूरला एका डॉक्टरीणबाईंनी बाहुली मोठी करून आत पाहिलं आणि त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. डाव्या डोळ्याची नस जवळपास संपली होती, उजव्याची निम्मी. मग त्यांनी कॉर्नियाची जाडी मोजली. दादांचा कॉर्निया बराच पातळ निघाला. “तुमचा सतरा म्हणजे सतरा धरता येणार नाही,” असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला काहीच उमगलं नव्हतं. पुढे वाचत गेले तसा अर्थ लागला.

अर्थ असा. यंत्र कॉर्नियाला दाबून आतला दाब ओळखतं. कॉर्निया जाड असेल तर तो दबायला जास्त जोर लागतो आणि यंत्र दाब जास्त दाखवतं. पातळ असेल तर सहज दबतो आणि यंत्र दाब कमी दाखवतं. सायकलच्या ट्यूबचं तसंच : जाड रबर आणि पातळ रबर अंगठ्याने दाबून हवेचा अंदाज सारखा येत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दाब जास्त पण नस चांगली, अशा लोकांना वर्षानुवर्षं तपासून तो केला होता. ज्यांचा कॉर्निया पातळ, त्यांना पुढे काचबिंदू होण्याचा धोका जास्त, हे त्यात ठळकपणे दिसलं. गोल्डमनने जे धरून चाललं होतं, ते पन्नास वर्षांनी असं पुढे आलं.

मग साहजिकच प्रश्न येतो. आपल्याकडच्या माणसाचा कॉर्निया किती जाड?

हा प्रश्न नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या मानहाइम वैद्यकीय विद्याशाखेचे प्राध्यापक योस्ट योनास यांच्या चमूने हाती घेतला. २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत हे काम झालं. ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ असं त्याचं नाव. आठ गावांची लोकसंख्या १३,६०६. तीस वर्षांच्या पुढचे निघाले ५,८८५. त्यांतले ४,७११ जण तपासणीला आले, म्हणजे शंभरातले ऐंशी. निम्म्याहून जास्त बाया होत्या, २,५२०. आमच्या पालकसभेला शंभरातले वीस आले तरी हेडमास्तर खूश असत, त्यावरून ऐंशी म्हणजे काय ते समजून घ्या. दवाखान्यात जे आपणहून येतात त्यांच्यावरून गाव कळत नाही, कारण येतात ते आधीच त्रासलेले असतात. ज्यांना काही होत नाही तेही आले, तरच ‘नॉर्मल’ म्हणजे काय ते ठरवता येतं. शेती-मजुरी करणारी, फार न शिकलेली ही माणसं. यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसली, डोळ्यांत थेंब घालून घेतले, रक्त दिलं, उंची-वजन मोजू दिलं.

निघालं काय? कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन. (एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर.) युरोपीय वंशाच्या लोकांत ती ५४० च्या आसपास असते. म्हणजे आपली काच त्यांच्यापेक्षा पातळ. दाबाची सरासरी साडेतेराच्या आसपास, लायडहेकरच्या साडेपंधरापेक्षा दोनेक अंकांनी खाली. डोळ्याची पुढून मागे लांबीही गोऱ्या लोकांपेक्षा कमी, आणि उंच माणसाचा डोळा थोडा लांब, बुटक्याचा थोडा आखूड. नसेचा आकारही मोजला. दृष्टी अधू होण्याची मोठी कारणं मात्र जुनीच निघाली : मोतीबिंदू, आणि योग्य नंबरचा चष्मा नसणं!

तुम्ही म्हणाल, पंचवीस-तीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, त्याचं काय एवढं? तर असं पाहा. २००२ सालीच तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अशा पाहण्यांसाठी काचबिंदूची व्याख्या नव्याने मांडली. दाबाचा आकडा तिच्यातून बाहेर काढला. नस डोळ्यात जिथे शिरते तिथे मध्ये वाटीसारखा खळगा असतो. काचबिंदूत ही वाटी मोठी होत जाते. वाटी किती मोठी झाली म्हणजे रोग म्हणायचा? तर त्याच समाजातल्या निरोगी माणसांच्या शंभरातल्या साडेसत्त्याण्णव वाट्यांपेक्षा मोठी असेल तर. ‘त्याच समाजातल्या’ हे शब्द महत्त्वाचे. म्हणजे विदर्भातल्या माणसाला काचबिंदू आहे की नाही हे सांगायचं, तर आधी विदर्भातल्या निरोगी माणसांचे डोळे कुणीतरी मोजलेले असायला हवेत. दक्षिणेत आंध्र, मदुराई, चेन्नई इथे असे अभ्यास झाले होते. तिथे काचबिंदू निघालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला हा रोग आहे याचा पत्ताच नव्हता. मध्य भारतातलं माप या आठ गावांनी दिलं.

आपण शिवाजी महाराजांच्या लढायांच्या तारखा पाठ करतो (करायलाच हव्यात!), पण हाही इतिहासच आहे. यात तलवार नाही, पुतळा नाही. ४,७११ माणसं आपापला एक दिवस मोडून डोळे मोजायला बसली, एवढंच. शोधनिबंधात त्यांची नावं नसतात, आकडा असतो. पण आज आपल्याकडच्या एखाद्या डॉक्टरने ‘सतरा आहे, पण तुमची काच पातळ आहे, नसही पाहू या’ असं म्हटलं, तर त्यामागे जगभरच्या अभ्यासांबरोबर या आठ गावांचंही देणं आहे.

आता आपल्या जंगलपट्टीकडे येते. ही आठ गावं नागपूरजवळची. भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवतीचा डोळा त्यात नाही. आणि आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे सिकलसेल. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. म्हणजे लायडहेकरने दाब मोजले त्याच वर्षी! तेव्हापासून विदर्भातल्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांत हा आजार आहे, हे माहीत आहे. १ जुलै २०२३ पासून त्याची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. पण सिकलसेलचा डोळ्याशी संबंध असतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग तिथे नको त्या नव्या वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो. त्याच्या पायऱ्यांचं वर्गीकरण १९७१ साली अमेरिकेत गोल्डबर्ग यांनी केलं. यातलं बरंचसं ज्ञान जमैका आणि अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या रुग्णांवरून आलेलं आहे. भारतातल्या सिकलसेलची जनुकीय जडणघडण थोडी वेगळी, म्हणून तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पुन्हा तोच प्रश्न : माप कुणाचं?

एक गोष्ट मात्र पक्की आहे आणि ती घरोघरी माहीत हवी. डोळ्याला मार लागून (चेंडू, विटी, बांबूची कामटी, काहीही) बुबुळापुढे रक्त साचलं, तर इतरांचा डोळा जो दाब काही दिवस सोसू शकतो, तो सिकलसेलवाल्याच्या नसेला झपाट्याने मारक ठरतो. वाकड्या पेशी बाहेर जायची वाट बुजवतात आणि नसेचा रक्तपुरवठाही अडवतात. नुसता वाहक असला, एएस असला, तरी हा धोका आहे. शिवाय दाब उतरवायला नेहमी देतात त्यांतली एक गोळी अशा रुग्णाला उलट त्रासदायक ठरू शकते. म्हणून डोळ्याला मार लागलेल्या पोराला घेऊन दवाखान्यात गेलात तर पहिलं वाक्य हे बोला : “डॉक्टर, याला सिकलसेल आहे.” लाल-पिवळं कार्ड असेल तर सोबत न्या.

उपचाराचं थोडक्यात सांगते. गेलेली दृष्टी परत येत नाही, पण उरलेली राखता येते, आणि हे नुसतं सांगोवांगी नाही. स्वीडनमधल्या एका अभ्यासात नव्याने सापडलेल्या काचबिंदूच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला लगेच उपचार, दुसऱ्याला नुसती देखरेख. २००२ साली निकाल आला. उपचार केलेल्यांत रोग पुढे सरकण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं आणि दाबाचा एकेक अंक खाली आला की धोका सुमारे दहा टक्क्यांनी उतरत होता. ज्यांचा दाब मुळात ‘नॉर्मल’ होता, त्यांनाही तो आणखी खाली आणल्याचा फायदा होतो. दादा आता ऐंशीच्या पुढे आहेत. रात्री न चुकता थेंब घालतात आणि उजव्या डोळ्याने अजून पेपर वाचतात.

आणि आता भाच्या-पुतण्यांनो, तुम्हाला का थांबवून ठेवलं ते. काचबिंदू घराण्यात चालतो. हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना आयुष्यात काचबिंदू होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दहापट निघाला. (हेही डच लोकांचं माप, पण आपलं माप येईपर्यंत वाट कशाला पाहायची?) दादांची मुलं आणि आम्ही भावंडं पहिल्या रांगेत, बाकीचे आमच्या मागे. मी माझी तपासणी दरवर्षी करते. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा जावं आणि चार गोष्टी विचाराव्यात : दाब किती? कॉर्नियाची जाडी किती? बाहुली मोठी करून नस पाहिली का? शंका असेल तर नजरेच्या कडांची, म्हणजे फील्डची, तपासणी कधी? नुसतं ‘नॉर्मल आहे’ एवढ्यावर उठून येऊ नका. आकडा लिहून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तो ताडून पाहता येतो, आणि आपलं सगळ्यांत खरं माप म्हणजे आपलाच मागचा आकडा.

चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही २०२४ मध्ये झालं. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कुणीतरी उद्या धानोऱ्याच्या, सिरोंच्याच्या, जिवतीच्या माणसांचे डोळे मोजायला निघेल, अशी मला आशा आहे. ते तुमच्या दारात आले तर चहा द्या, आणि त्या यंत्रावर हनुवटी टेकवून निमूट बसा.

जाताना सोबत कुणाला तरी न्या हं. बाहुली मोठी केली की तीन-चार तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही, गाडी तर मुळीच चालवायची नाही. परत आल्यावर आपला आकडा मला जरूर कळवा. माझ्या वहीत सगळ्यांची नावं लिहून ठेवली आहेत, पुढचे रकाने अजून रिकामे आहेत.